मायला माहेरी पाठवणारे गुरुजी

डोमाजी गुरुजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांच्याशी भांडायच्या तयारीत बसले होते. संग्रहालयाच्या दारात खुर्ची टाकून, काय काय बोलायचं ते मनात घोळवत... गडचिरोलीच्या दवाखान्यातून त्यांना त्या दिवशी सुट्टी मिळणार होती. पलीकडचा टेलिफोन बूथवाला धावत आला आणि म्हणाला, "बाई, गुरुजी नाई राह्यले." होळी नुकतीच झाली होती. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला त्यांचा रागच आला. माणसानं असं अर्ध्यावर सोडून जाऊ नये.

भांडण साधं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी संग्रहालयाची नवी इमारत झाली होती आणि आमच्या तालुक्याच्या गावातलं हे छोटं संग्रहालय सगळ्या वस्तूंसकट तिथे न्यायचं घाटत होतं. पक्कं छप्पर, काचेची कपाटं, दाराशी पहारेकरी. अट एकच, की एकदा तिथे नोंदलेली वस्तू पुन्हा बाहेर काढायची नाही. गुरुजी संचालक, मी चिटणीस. माझी सही कधीच झाली असती, पण गुरुजी नुसतं "बघू" म्हणत. ते कशापायी अडून बसलेत ते मला ठाऊक होतं. मायपायी.

मी शिकवत होते त्या शाळेत गुरुजी आले ते अहेरीकडच्या जंगलातून बदली होऊन. तिकडे ते इतिहास शिकवताना मुलांना सांगायचे, घरातली सगळ्यात जुनी वस्तू उद्या घेऊन या. मुलं आजोबांचे बाण आणायची, लाकडी मापं, मण्यांच्या माळा, मासे धरायचे बांबूचे सापळे. आईबाप म्हणायचे, राहू द्या गुरुजी तुमच्याकडेच. असं राहत राहत बदलीच्या वेळी ट्रकमध्ये संसार कमी आणि तेच जास्त झालं. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "बाई, या घरात दगडाले खोली हाये, मले नाई." गुरुजी हसले आणि हसता हसताच सायकल काढून निघाले, कारण कोणाच्या तरी धानाच्या बांधीत नांगराला कोरीव दगड लागल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांना बसणं माहीतच नव्हतं. चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. सगळीकडे काहीतरी मोडतंय, फुटतंय, चोरीला जातंय आणि आपण पोचायला उशीर करतोय, अशी धास्ती त्या माणसानं जन्मभर वागवली. निवृत्तीनंतर धान्याचं जुनं गोदाम मिळालं, तिथे हे संग्रहालय मांडलं आणि ते संचालक झाले. संचालक म्हणजे झाडू मारण्यापासून पाहुण्यांना हार घालण्यापर्यंत सगळं.

माय ही सिंदेवाहीच्या पुढच्या एका गावातली, तलावाच्या पाळीवर उभी असलेली शिळा. नाकडोळे झिजून गेलेले. गुरुजींच्या मते ती लढाईत पडलेल्या कुणा वीराची आठवण, आणि गावाच्या मते माय, त्यांची देवी. शेजारच्या गावातली मूर्ती चोरीला गेली तेव्हा गुरुजींची झोप उडाली. त्यांनी सरपंचांना गाठलं, शेतकऱ्यांची बैठक घेतली, सगळ्यांची संमती मिळवली आणि शिळा गोदामात आणली. पण त्या तलावाचं पाणी धान पिकवणाऱ्यांचं आणि मासे ढीवरांचे. गुरुजींनी पाण्याच्या मालकांना विचारलं, माशांच्या मालकांना विचारायचं राहूनच गेलं.

वैशाखात तलाव उतरला की ढीवर मोठी जाळी टाकतात. त्याआधी मायला तलावाच्या पाण्यानं आंघोळ. त्या साली माय आमच्याकडे आणि जाळी काठावर वाळत पडलेली. शेवटी ढीवरांची म्हातारी पार्बताबाई दहाबारा माणसं घेऊन गोदामाच्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, मायले कोंडून काऊन ठेवलं? आमी जाळं कसं टाकाचं?"

"चोर नेतील म्हणून आणली बाई."

"मंग चोरात अन् तुमच्यात फरक काय राह्यला?"

मी मध्ये पडणार तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "न्या. पण संध्याकाळी परत आणाल?" पार्बताबाई म्हणाली, "नाई त काय घरी नेऊन तिच्यावर वाटण वाटू?"

तेव्हापासून दर वैशाखात ढीवरांची बैलबंडी यायची. धानाच्या तणसाच्या गादीवर माय आणि मागून सायकलवर गुरुजी. रिकाम्या जागी ते एक पाटी ठेवून जात, 'माय माहेरी गेली आहे. संध्याकाळी येईल.' पाहणारे हसायचे, मीही हसायचे. अंधार पडताना ते मायसोबत परतायचे, एक अक्षर न बोलता. मला वाटायचं, दिवसभर उन्हात पहारा करून थकले असतील.

"एका दगडासाठी बाकीचं सगळं गळक्या छपराखाली कुजवणार का?" असं मी त्यांना कितीदा विचारलं. ते येरझाऱ्या घालत म्हणायचे, "तुमचं बरोबर आहे बाई." आणि सही करायचे नाहीत. बरोबर आहे म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं!

ते गेल्यावर सगळं माझ्या एका सहीवर आलं. महिनाअखेरपर्यंत कळवा, असा जिल्ह्याहून निरोप होता. तेवढ्यात बंडी आली. मी ठरवलं, शेवटचं एकदा जाऊ दे, मग सही करून मोकळी होईन. पहाऱ्याला म्हणून मीच सोबत गेले.

मायला पाळीवर उतरवलं. ढीवर जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उभे, पण कोणी हलेना. पार्बताबाईनं भरलेली घागर माझ्या पुढे धरली.

"मी कशाला?"

"मायले घरून नेते त्यानंच धुवाची. गुरुजी दरसाल धुवत होते."

"गुरुजी? ते तर राखणीला यायचे ना?"

"राखणीले आमी मेलो काय? गुरुजी पाणी टाकत, हात जोडत, अन् म्हनत, माय, माफी कर, यंदा बी नेतो, पुढच्या साली आणतो. ते म्हनलं का मंग आमी जाळं टाको."

मी घागर ओतली. खडबडीत दगडावरून हात फिरवला. एवढी वर्षं हा माणूस सगळ्या गावासमोर माफी मागत होता, आणि मला एका शब्दानं बोलला नाही... हात जोडले. यंदा नेते म्हणणं सोपं होतं. पुढच्या साली आणते म्हटलं, की जिल्ह्याची इमारत, पक्कं छप्पर, पहारेकरी, सगळ्यावर पाणी. पाण्यातली माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"म्हना ना बाई," पार्बताबाई हळूच म्हणाली. "ऊन चढून राह्यलं."

मी म्हटलं. सगळं वाक्य, शेवटापर्यंत. आणि जाळी एकदम पाण्यावर पडली.

हे लिहितेय ते गोदामात बसून. माय तिच्या जागी आली आहे, अंगाला शेवाळाचा वास येतोय. पावसाळ्याआधी छपराची कौलं फिरवायला माणूस शोधायचा आहे, आणि मला एका जागी बसवत नाही. मायच्या अंगावरचं पाणी केव्हाच वाळलं, मी मात्र शब्द देऊन बसले आहे.