उतू गेलेलं दूध

बाहेर टेम्पोतून कपाटं उतरत होती आणि आत, नव्या कोऱ्या ओट्यापाशी, आम्ही सगळे एका पातेल्याभोवती उभे होतो. नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं असतं. आता या घरात काही कमी पडणार नाही, एवढंच त्या दुधानं सांगायचं. साय थरथरली, दूध फुगत काठाशी आलं आणि आईचा हात झटकन पुढे झाला. तिनं गॅस बंद केला.

"अगं, आज तरी जाऊ दे," बाबा म्हणाले.

आई ओशाळली. पण तिचा तरी काय दोष? चार भाड्याच्या घरांत तिनं अर्ध्या लिटरमध्ये पाच जणांचा चहा, माझा पेला आणि विरजण भागवलं होतं. काटकसर अशी हातात मुरते. दिवस पालटल्याचं मनाला लगेच कळतं, हाताला मात्र उशिरा कळतं. आणि खरं सांगायचं तर हे घर विटांच्या कितीतरी आधी त्याच हातानं बांधलं होतं.

गॅस पुन्हा पेटवला. या वेळी आईनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. दूध वर आलं आणि चहूबाजूंनी धो धो उतरलं. काळ्या ओट्यावरून पांढरे ओघळ थेट फरशीपर्यंत गेले.

मी फडकं घेऊन पुढे झालो.

"थांब," आई म्हणाली. "मला बघू दे जरा."