धुतलेलं झबलं

बोटीत पाऊल ठेवताना मी चपला काढल्या. ही गोष्ट आमच्या ह्यांनी पुढं इतक्या लोकांना सांगितली, की निम्म्या सोलापुराला मी तेवढ्यावरूनच माहीत आहे. सांगू देत बापडे. दारातच असा मऊ गालिचा होता, की त्यावर चपला घालून चालायचं म्हणजे लग्नातल्या पाटावर चपलांसकट उभं राहायचं. मी काढल्या, हातात घेतल्या आणि आत शिरले. दारातला गोरा साहेब माझ्या पायांकडं बघत राहिला. मागून हे हळूच म्हणाले, "अगं घाल. देऊळ नाही हे."

"मग एवढं घासूनपुसून कशाला ठेवलंय?" मी विचारलं.

खरं म्हणजे असल्या बोटीतून जाणारी आम्ही माणसं नव्हेच. माझं सासर मंगळवेढ्याकडचं, ज्वारी पिकवणारं. घरात शिकले ते हे एकटे. डॉक्टर झाले आणि सोलापुरातल्या एका गिरणीच्या दवाखान्यात लागले. त्या गिरणीच्या मालकांना पोटाचं दुखणं जडलं. विलायतेला जाऊन ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं, तेव्हा बरोबर आपला डॉक्टर हवाच असा त्यांनी हेका धरला. मालकीणबाईंना सोबतीला बाईमाणूस हवं होतं, म्हणून माझंही तिकीट निघालं, आणि तेही पहिल्या वर्गाचं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस बाई. मी म्हटलं, काढलं खरं.

माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. अजून अंगावर पीत होती.

तिला न्यायला मालकांची ना नव्हती. ना होती ती आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांना हा एकच मुलगा. समुद्रापलीकडं गेलेले पुरुष मडमा करतात आणि तिकडंच राहतात, असं त्यांना कुणीतरी बाजारात सांगितलं होतं. एके दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या त्यांनी निकाल दिला, "पोर हितंच ऱ्हाऊ दे. ती हितं असली म्हंजे तुमी परत याल."

"आत्याबाई, मी बरोबर असताना मडम कुठली करतायत हे?"

"तुजा तरी काय भरवसा? तिकडली हवा लागली की मानूस बदलतंय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी आढ्याकडं बघितलं. दवाखान्यात कंपाउंडरांवर ओरडणारे आमचे डॉक्टर आईपुढं मिठाची गुळणी धरून बसायचे. सावकाराकडं दागिना ठेवतात तशी माझी लेक तारण राहिली.

आत्याबाई दुष्ट होत्या असं मात्र मी कधी म्हणणार नाही. पोर रडणार हे त्यांनाही कळत होतं, आणि त्यावरचा उपाय त्यांनीच मला शिकवला. त्यांच्याकडं बायका तान्ह्या पोराला घरी ठेवून लांबच्या रानात जायच्या, तेव्हा अंगावरचं लुगडं न धुता पोरापाशी ठेवून जायच्या. "आईचा वास असला की पोर झोपतंय," त्या म्हणाल्या. "जायच्या आदी येकच लुगडं नेस. धुऊ नगंस. त्येच ठिवून जा. मी त्येला पान्याचा थेंब लागू द्यायची न्हाय." मी माझं हिरवं इरकली लुगडं रोज तेच तेच नेसत राहिले. त्याला घाम लागला, दूध लागलं, फोडणीचा वास लागला. शेजारणी नाकाला पदर लावायच्या आणि मी लक्ष द्यायची नाही.

निघायच्या दिवशी दुपारी मी तिला पाजलं. पिता पिता ती झोपली. मी ते लुगडं सोडलं, त्याची घडी करून तिच्या कुशीत ठेवली आणि दुसरं नेसले. झोपेतच तिनं घडीचा काठ मुठीत धरला. झोपलेल्या लेकराचा मुका घेऊ नये म्हणतात, म्हणून मी घेतला नाही. आत्याबाई दारातच उभ्या होत्या, त्यांनी घेऊही दिला नसता. पण एक गोष्ट मी त्यांच्या नकळत केली. सकाळी तिच्या अंगावरून उतरवलेलं झबलं न धुता तसंच माझ्या पेटीत घातलं. आत्याबाईंचाच धडा, मी उलटा गिरवला.

मुंबईच्या धक्क्यावर गेलो तेव्हा मी ह्यांना विचारलं, "बोट कुठाय?"

"ही काय समोर."

"ही तर इमारत आहे."

बोट म्हटलं की आमच्या तळ्यातली होडी डोळ्यांपुढं यायची. तीच फार तर वाड्याएवढी मोठी असेल, इतकीच माझ्या अकलेची धाव. समोर होती ती पांढरी उंच भिंत, तिला ओळीनं गोल खिडक्या, आणि वर बघायला मान मागं टाकावी तर पदर खाली पडावा. आत तर थाट आणखीच. रुंद जिना, पितळी कठडे, जागोजागी आरसे. वळेल तिकडं मीच मला दिसत होते, हातात चपला घेतलेली. कुठंतरी वाजंत्री चालू होती, पण लग्नातली नव्हे, गोऱ्या लोकांची, हळू आवाजातली. दिवसाढवळ्या दिवे लावलेले होते. एका दालनात नुसत्या खुर्च्या होत्या, आणि त्या फक्त बसायच्या म्हणून होत्या, दुसरं काही काम तिथं करायचं नव्हतं. मालकीणबाई सगळं ओळखीचं असल्यासारख्या चालल्या होत्या. मी त्यांच्यामागून चालले होते आणि प्रत्येक नवलापाशी माझा जीव अडत होता. हे झुंबर बघून माझी लेक काय म्हणाली असती? ह्या आरशाला तिनं हात लावला असता, मग जीभ लावली असती.

आमची केबिन दाखवायला जो नोकर आला तो गोव्याकडचा होता. उतारवयाचा, पांढराशुभ्र डगला घातलेला, बोलायला मोठा गोड. मराठी ऐकून त्याला बरं वाटलं असावं. त्यानं आम्हांला सगळं हौसेनं दाखवलं. परातीएवढी गोल खिडकी, दोन पलंग, दोन नळांचं बेसिन. एका नळाला चक्क गरम पाणी. शेजारी न्हाणीघरात भला मोठा टब, त्यातही गरम पाणी. सोलापुरात उन्हाळ्यात आम्ही तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालायचो, आणि इथं नळ सोडला की वाहायलाच लागलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं तर खारट. "समुद्राचंच आहे," नोकर म्हणाला. एवढं तापवलेलं पाणी, आणि घोटभर पिता येत नाही.

मग त्यानं भिंतीतली एक फळी खाली ओढली. तो एक तिसरा पलंग निघाला, लहानसा, बाजूंना कठडा लावलेला.

"हा बाळासाठी," तो म्हणाला. "कोणाबरोबर बाळ असलं तर."

मी त्याला सांगितलं, "मिटवून टाका तो." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता फळी वर लावली.

हे मालकांची औषधं लावायला गेले. मी पेटी उघडली, झबलं काढलं आणि तोंडावर घेतलं. दूध, तेल आणि ओव्याची धुरी. तिच्या मानेत नाक खुपसलं की येणारा वास, सगळाच्या सगळा त्यात होता. मी डोळे मिटून बसले. त्या लखलखाटात ती एकच गोष्ट माझी होती, असं मला वाटलं. मग वरती भोंगा वाजला, हे बोलवायला आले, म्हणून मी ते उशीखाली सारलं आणि वर गेले.

बोट सुटते कशी, तेही मला कळलं नाही. गाडीसारखा हिसका बसेल म्हणून मी कठडा घट्ट धरून उभी होते. हिसका बसलाच नाही. धक्काच माणसांसकट मागं सरायला लागला. मधल्या पाण्यात कुणाचा तरी हार पडला होता. माणसं रुमाल हलवत होती, त्यात आमचं कुणीच नव्हतं. मुंबईची घरं बारीक होत गेली आणि माझ्या चोळीला ओल आली. तिला पाजायची वेळ झाली होती. मुलगी सोलापुरात राहिली आहे हे माझ्या अंगाला कुणी सांगितलं नव्हतं.

पदर लपेटून मी खाली पळाले. त्या चकचकीत बेसिनमध्ये मी माझं दूध पिळून टाकलं आणि नळ सोडला. मग झबल्यासाठी उशीखाली हात घातला, तर तिथं काही नव्हतं. पलंगावर नवी चादर होती, उशीला नवा अभ्रा होता, कोपरे कसे घडी घातलेल्या पत्रासारखे टोकदार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोकर आला. त्याच्या दोन्ही हातांवर कागदाची घडी होती आणि घडीवर झबलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. गळ्याशी एक बंद सुटत आला होता, तोही कुणीतरी टाके घालून शिवला होता.

"बाई, दुधाचे डाग होते," तो म्हणाला. "ते पण काढले." चेहऱ्यावर समाधान होतं. माझं मूल घरी राहिलं आहे हे त्यानं ओळखलं होतं, आणि त्याच्या परीनं त्यानं माझ्यासाठी काहीतरी केलं होतं. त्याला मी काय बोलणार? मी म्हटलं, "देव बरं करो तुमचं." तो गेल्यावर मी झबलं नाकाशी धरलं. साबणाचा वास आला, इस्त्रीचा आला. मी पुन्हा पुन्हा हुंगलं, काखेपाशी हुंगलं, गळ्याशी हुंगलं. तिथं माझी मुलगी नव्हती.

हे आत आले. मला रडताना बघून म्हणाले, "अगं, स्वच्छच तर झालंय." मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, स्वतःच्या नाकाशी नेलं, नीट घडी करून परत ठेवलं. मग ते गोल खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

लोक विचारतात, बोट कशी होती? फार चांगली होती. जेवायला बसलं की चमच्यांचीच पंगत. मी आमची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी केबिनमध्ये बसून खायची. ज्या बोटीवर कशावरही धुळीचा कण राहू देत नाहीत, तिथं माझं झबलं तरी न धुतलेलं कसं राहणार होतं? पण लोकांना हे सांगून उपयोग नसतो. त्यांना चपलांची गोष्ट हवी असते.

सहा महिन्यांत परत यायचं ठरलं होतं. ऑपरेशन झालं, मग मालकांना अशक्तपणा आला, मग तिकडची थंडी, मग पुन्हा दुखणं. परत यायला दीड वर्षाच्या वर लागलं. आत्याबाई शेजारच्या मास्तरांकडून पत्रं लिहून घ्यायच्या. मुलगी खुशाल आहे, आणि लुगड्याला पाण्याचा थेंब लागलेला नाही, एवढं प्रत्येक पत्रात असायचंच. मला तेवढ्याचाच आधार होता.

सोलापूर स्टेशनावरून टांगा घराशी आला तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती. तीन वर्षांची, दोन वेण्या, ह्यांच्यासारखं कपाळ. मी खाली उतरले आणि हात पुढं केले. ती आत्याबाईंच्या मागं गेली.

"ही बाई कोन?" तिनं विचारलं.

"अगं, आई न्हवं का तुजी," आत्याबाई म्हणाल्या. "आली की बघ."

ती घरात पळाली आणि काहीतरी काखोटीला मारून बाहेर आली. माझं हिरवं इरकली. रंग काळपट झालेला, काठाला तिच्या मुठीची भोकं पडलेली. "ही माझी आई," ती म्हणाली.

आत्याबाई मटकन पायरीवर बसल्या. "मीच शिकीवलं गं तिला," त्या म्हणाल्या. "रोज निजताना म्हनायची, आईला घे आनि झोप. तुजी याद ऱ्हावी म्हून केलं गं मी." आयुष्यात त्या पहिल्यांदा माझ्यापुढं रडल्या, आणि मला त्यांचा रागही येईना. त्यांनी दिलेला शब्द अक्षरशः पाळला होता.

मी लुगड्याला हात लावायला गेले. तिनं ते छातीशी आवळलं आणि म्हणाली, "माझ्या आईला हात लावू नको, बाई."

त्या दिवशी म्हणाली ते बाई, पुढं जन्मभर बाईच. लोकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. कितीतरी घरांतून मुलं आईला बाईच म्हणतात. माझी लेक गुणाची निघाली. तिनं माझं सगळं केलं, दुखण्याखुपण्यात उशाशी बसली. ते लुगडं तिनं लग्नात सासरी नेलं, आणि तिथंही कुणाला धुवू दिलं नाही. पाठवणीच्या वेळी मंडपात सगळ्या मुली आईच्या गळ्यात पडून रडतात. ती माझ्या पाया पडली, म्हणाली, "येते हं बाई," आणि पेटीत तिची आई आहे ना, ते एकदा झाकण उघडून बघून आली.