आत्याबाईंचं कुंकू आणि माझा प्रोसेसर

तोंडातला चहा आधी गिळून घ्या. पुढचं ऐकताना तो नाकातून बाहेर आला तर मी जबाबदार नाही! अडाणीपणानं फजिती झालेले पुष्कळ भेटतील तुम्हाला. माझी मात्र महिनाभर अभ्यास करून झाली.

मी देवासच्या एका शाळेत गणिताचा मास्तर. मला कंप्युटर लागतो कशाला? पेपर टाइप करायला, क्रिकेट बघायला, आणि बायको भाजीला गेली की गाड्यांच्या शर्यतीचा एखादा गेम खेळायला. एवढ्यासाठी दुकानातला कुठलाही डबा चालला असता. पण डबा घेतात ते सामान्य लोक! मला ओव्हरक्लॉकिंग करायचं होतं. म्हणजे स्वस्तातला प्रोसेसर घ्यायचा आणि सेटिंगमध्ये शिरून त्याला कंपनीनं नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं.

आता सगळेच प्रोसेसर असे पळत नाहीत बरं का. काहींच्या वेगाला कंपनीनं कुलूप घातलेलं असतं. ज्याला कुलूप नाही तो निवडायचा, त्याला साजेसा मदरबोर्ड घ्यायचा आणि तरीही खिसा सांभाळायचा. हे सगळं मला ठाऊक आणि बाकी जगाला नाही, या आनंदात मी महिना काढला. स्टाफरूममध्ये कुणी "नवा लॅपटॉप घेतला" म्हणालं, की मी नुसतं "अरेरे" म्हणायचो.

दुकान बस स्टँडसमोर. मालक पप्पू भिया; इकडे भैयाला भियाच म्हणतात. मी यादी पुढे टाकली. त्यानं ती वाचली आणि मान खाजवली.

"सर, पेपर टाइप करने हैं के रॉकेट छोड़ना है? इससे सस्ता वाला ले लो, मक्खन चलेगा."

"ओव्हरक्लॉकिंग समझते हो?"

"थोड़ी-भोत."

थोडी-भोत! मला त्याची कीवच आली. मी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि प्रोसेसर थंड ठेवणारा मोठा पंखेवाला कूलर, सगळं बांधून घेतलं.

"लाओ सर, फ्री में फिट कर देता हूँ."

"हाथ मत लगाना भिया," मी म्हणालो. "ये नाजूक काम है."

घरी धारहून आत्याबाई आलेल्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला त्यांनीच वाढवलं. दसऱ्याला दरवर्षी आमच्याकडे येतात आणि खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक अवजाराला कुंकू लावतात. विळी, शिलाई मशीन, मिक्सर, माझी स्कूटर, कुणाची सुटका नाही! नवमीच्या सकाळी मी टेबलावर सगळे भाग मांडले आणि आंघोळीला गेलो. परत येतो तर काय, आत्याबाई कुंकवाची कोयरी घेऊन टेबलापाशी उभ्या!

"आत्याबाई! आतल्या कशाला लावलं नाहीत ना?"

"छे रे बाळू. वरल्या खोक्यास तेवढं बोट टेकवलं."

मी कामाला लागलो. प्रोसेसर बसवला. त्यावर उष्णता कूलरकडे पोचवणारी थर्मल पेस्ट लावली, मटाराच्या दाण्याएवढी, कमी नाही की जास्त नाही. वर कूलर ठेवला, चार स्क्रू आवळले. कंप्युटर सुरू झाला! मी वेग वाढवला. दोन मिनिटांत तापमान नव्वदच्या वर, आणि स्क्रीन काळी. वेग कमी केला. पुन्हा काळी. अगदी मूळच्या वेगावर आणला तेव्हा कसाबसा तग धरला, पण ताप काही उतरेना.

मी आधी देवासच्या विजेला शिव्या दिल्या. मग पप्पूच्या मालाला, मग उन्हाला. मग टॉर्च घेऊन कूलरखालच्या फटीत डोकावलो. आणि काय दिसलं सांगू? कूलरच्या तळाशी, अगदी कडेला, काहीतरी लाल!

कुंकू!

मी जे काही बोललो ते सगळं नाही सांगत, लाज वाटते. "अडाणीपणा" हा शब्द त्यात होता. ज्या बाईनं मला पाढे शिकवले, तिला मी अडाणी म्हणालो.

"मी लावलं, असं वाटतं तुला?" आत्याबाईंनी शांतपणे विचारलं.

"वाटत नाही, दिसतंय!"

त्या उठल्या आणि पिशवीत लुगडी भरू लागल्या. बायको मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "उद्या दसरा. आज आत्याबाई रागावून गेल्या ना, तर त्या परत यायच्या नाहीत. माफी मागा!" माफी? पुरावा माझ्या हातात असताना?

"बाळू," पिशवी खांद्याला लावून आत्याबाई म्हणाल्या, "ते यंत्र त्या दुकानात माझ्यादेखत उघड. कुंकू निघालं तर तुझ्या घरी पुन्हा पूजेस बसायची नाही. आणि न निघालं, तरी धारकडे जायला बस तिथूनच मिळते."

रिक्षात माझ्या मांडीवर कंप्युटर, त्यांच्या मांडीवर पिशवी. दोघांची तोंडं दोन दिशांना.

पप्पूनं स्क्रू सोडवले, कूलर उचलून उलटा केला. दोन गिऱ्हाइकं वाकून बघू लागली. त्यानं नखानं तळाची कड उचकटली आणि एक पारदर्शक प्लास्टिक सोलून काढलं. त्यावर मोठाली लाल अक्षरं.

"सर, ये निकालना रे गया था," तो हळूच म्हणाला. "इसीलिए गरम हो रिया था. होता है कभी-कभी."

कुंकू कुठेच नव्हतं. आत्याबाईंनी ते प्लास्टिक दोन बोटांत धरून डोळ्यांपासून लांब नेलं.

"हे तांबडं काय लिहिलंय रे?"

"इंग्रजी आहे."

"म्हणून तर तुला विचारते. वाच."

"बसवण्यापूर्वी… हे काढून टाकावं."

"मोठ्यानं वाच. कानांनी कमी ऐकू येतं मला."

वाचलं. दोन्ही गिऱ्हाइकांनी ऐकलं. पप्पू बिचारा माझी लाज राखायला उगाच वायरी गुंडाळत बसला. बाहेर इंदूरमार्गे धारला जाणारी बस हॉर्न देत होती. आत्याबाईंनी पिशवी उचलली आणि त्या बसकडे निघाल्या. प्रोसेसर गेला चुलीत, या बाईशिवाय माझ्या घरी दसरा झालेलाच नाही! मी तिथेच सगळ्यांसमोर त्यांचे पाय धरले.

"आत्याबाई, चुकलो. अडाणी मी. घरी चला हो!"

त्यांनी बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवी माझ्या हातात दिली.

"येते बापडी. तुला एकट्याला सोडून जायचा धीर होत नाही आता. औषधाच्या बाटलीवरही लिहिलेलं असतं रे काही काही."