न कापलेली कड

कुकरची दुसरी शिट्टी होते न होते तोच दार वाजलं. एवढ्या सकाळी कोण तडमडलं, असं म्हणत हात पुसत गेले, तर कोपऱ्यावरचे बाइंडरकाका. रसायनशास्त्राचं जाडजूड पुस्तक तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलेलं.

काका सातवीपर्यंतच शिकलेले, पण कॉलेजच्या लायब्ररीतलं प्रत्येक फाटकं पुस्तक तीस वर्षं त्यांच्याच सुईखालून गेलंय. शिवण झाली की तिन्ही कडा मशीनवर कापायच्या, ही धंद्याची रीत. काका कापत नाहीत. एकदा कापल्या होत्या. समासात मुलांनी लिहिलेल्या टिपा अर्ध्या उडाल्या आणि त्यांचीच लेक, त्याच पुस्तकावर अभ्यास करणारी, उरलेली अर्धी टीप समोर घेऊन रडत बसली. तेव्हापासून कड वेडीवाकडी राहिली तरी चालेल, अक्षर जाता कामा नये. ती लेक आज कारखान्यात औषधं तपासते. काका हे दर भेटीत सांगतात आणि मी दर वेळी नव्याने ऐकते.

आता नव्या ग्रंथपालबाई आल्यात. पुस्तकं नीटनेटकी हवीत, कडा कापाच, असं त्यांचं म्हणणं. नाहीतर काम दुसऱ्याला देणार. या खरडाखरडीला कोणी धनी तरी आहे का, असं त्यांनी काल विचारलं. काका म्हणाले, आहे, उद्या अकरापर्यंत दाखवतो.

त्यांनी पान उघडून माझ्यापुढे धरलं. बावीस वर्षांपूर्वीचं, कॉलेजातलं माझंच अक्षर: 'साबणाचा रेणू म्हणजे नवी सून. एक टोक पाण्याकडे, एक तेलाकडे, दोघांनाही सांभाळते.' माझी पाककृतींची वही काकांनीच बांधलेली, त्यावरून त्यांनी ओळखलं. चोरी पकडली गेल्यासारखी मी ओशाळले.

"बावीस वर्षं फरार होतीस म्हणजे," आतून नवरा म्हणाला.

माझ्या ओळीखाली कोणीतरी हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'पटलं. पास झालो.' त्याखाली पेन्सिलीने, अगदी अलीकडचं, 'मग बोअरच्या पाण्यात फेस का होत नाही?' आणि त्याखाली दोन बोटं कोरी जागा, काकांनी न कापता राखलेली.

बोअरच्या जड पाण्याशी माझं लग्नापासूनचं वैर. या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकाने नाही, बादलीने शिकवलंय.

काकांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

"ताई, त्या पेन्सिलवाल्या पोरीला उत्तर लिहा," ते म्हणाले, "आणि खाली तुमचं नाव घाला."