पंखाच्या फळीवरची तीन बोटं

सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मी लाकडातच आहे. वडील सुतार. आमचं गाव माहूरच्या डोंगरापलीकडं, तिथं चांगलं लाकूड म्हणजे जड लाकूड, म्हणजे सागवान. त्यामुळं नांदेडला गाडी बदलून लातूरला आले आणि रेणापूर रस्त्यावरच्या त्या शेडमध्ये पहिली फळी उचलली, ती इतकी हलकी की वाटलं, हे तर खोकी ठोकायचं लाकूड. स्प्रूस म्हणतात त्याला, परदेशातून येतं. शेडचे मालक, आमचे सर, म्हणाले, याचं दोन माणसांचं विमान होणार.

सर विमानांच्या दुरुस्तीतून निवृत्त झालेले. शेडमध्ये ते, उदगीरकडचे म्हातारे मिस्त्रीमामा आणि मी. मला ठेवलं करवत सरळ चालते म्हणून. पण मी फार प्रश्न विचारते म्हणून लाकूड तपासायचं काम माझ्याकडं आलं. फळीवर शाईचा थेंब सोडायचा, तो तंतूंच्या दिशेनं पसरतो आणि तंतू तिरके असले की लगेच कळतं. तुकडा तोलायचा, भट्टीत वाळवायचा, पुन्हा तोलायचा, म्हणजे ओल किती ते कळतं. मग पट्टी वाकवून मोडायची. काकडीसारखी कट्‌कन तुटली तर लाकूड बाद, लांब कुसळं काढत चिवटपणे मोडली तर पास. वडिलांनी जन्मभर लाकूड जोडलं आणि मी पगार घेऊन मोडत होते. ह्याचं मला रोज नवल वाटायचं.

खंडेनवमीला शेड बंद होती, किल्ली माझ्याकडं. घरच्या सवयीनं हत्यारं पुजली आणि पंखाच्या मुख्य दांड्यासाठी निवडलेल्या फळीलाही करडीच्या तेलात कालवलेल्या हळदीची तीन बोटं ओढली. सरांना लाकडावर डाग खपत नाही, म्हणून नंतर बारीक पॉलिश पेपर फिरवला. पिवळं गेलं. फळी होती तशी दिसायला लागली.

चार दिवसांनी त्या फळीला सरस लावायचा होता. आदल्या सकाळी मी सरसाचे नमुने फोडत होते. दोन तुकडे चिकटवायचे आणि पटाशीनं उघडायचे. लाकूड फाटलं तर सांधा पक्का. एक नमुना मात्र नुसता सांध्यातून सुटला, लाकडाला ओरखडा नाही. मामा म्हणाले, कुणाचा तरी घामेजला हात लागला असंल. मी पटाशी खाली ठेवली. घामानं हे होतं, तर तेलानं?

सांगितलं तर घरी पाठवतील, आणि घरी मला ठेवून घेईल असं काम नव्हतं. नाही सांगितलं तर त्या पंखाच्या भरवशावर दोन माणसं वर जाणार. मी दुपारपर्यंत तीनदा पाणी प्यायले आणि मग सरांपुढं जाऊन उभी राहिले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. तेल कुठलं, बोटं किती, कुठं, एवढंच विचारलं. नेमकी जागा मला दाखवता येईना. बाकीच्या फळ्यांना लावलं का, तर नाही, चांगली एकच फळी पुजली होती.

"मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं व्हतं, बाई?" मामा म्हणाले. कुणी हसलं नाही, तेव्हा तेच हसले.

मी विचारलं, जरा रंधा मारला तर? पण फळी आधीच मापात आणलेली, केसभरही उतरवता येत नव्हती.

"ताई, खात्री नाही ती फळी पंखात जात नाही," सर म्हणाले. "बादची लाल खूण तुम्हीच करा."

मी केली. खूण वाकडी आली. दुसरी फळी यायला महिने लागणार, हे तिघांनाही माहीत होतं. उद्या येऊ का, एवढं विचारायचं धाडस कसंबसं केलं.

"न येऊन कसं चालेल? नवीन फळी तपासणार कोण?"

एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलंच, "सर, तीन दिवसांत तेल किती आत गेलं असेल?"

सरांनी मामांकडं बघितलं. "माहीत नाही. कापून बघू."

मामांनी माझ्या अंदाजाच्या जागी करवत धरली. बॅटरी तिरकी धरून तिघं वाकलो. खोल फारसं गेलं नव्हतं, नखाएवढंही नाही. पण तंतूंच्या कडेकडेनं ते वीतभर पुढं सरकलं होतं, जिथं माझं बोट लागलंच नव्हतं तिथवर.

"लई लांब गेलं की," मामा म्हणाले, आणि पुढचा काप घ्यायला करवत हातभर सरकवली.