आहेरातला आठवडा

ठाण्याच्या एका मॉलमध्ये हसऱ्या मुलाने आमच्याकडून कूपन भरून घेतलं, तिथून हे लचांड मागे लागलं. आठवड्याने फोन आला, तुम्हाला डिनर सेट लागलाय, जोडीने या. गेलो. दुपारभर बसवून ठेवलं आणि उठलो तेव्हा पुढची पंचवीस वर्षं, दरवर्षी महाबळेश्वरच्या रिसॉर्टमधला एक आठवडा आमच्या नावावर झाला होता. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. डोंबिवली येईपर्यंत मी धुमसत होतो. बायको मांडीवरचं खोकं सांभाळत म्हणाली, "अहो, दरीकडची बाल्कनी आहे. सकाळी तिथे बसून चहा प्यायचा. दुसरं काही करायचं नाही."

तो चहा काही झाला नाही. पहिल्याच वर्षी तिच्या भाचीचं लग्न निघालं. "कुकर सगळेच देतात, आपण आहेरात आठवडा देऊ," ती म्हणाली. भाची आणि जावई आमच्या खोलीत राहून आले आणि सगळ्या नात्यात बोभाटा झाला. ज्याचं लग्न ठरेल, तो पत्रिका द्यायला आला की पोहे खाता खाता विचारायचा, "काकू, यंदाचा आठवडा कुणाला दिलाय का?" वर्षाचे पैसे आम्ही भरायचे, हवा दुसऱ्यांनी खायची. "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेयस," मी चिडून म्हणायचो. ती हसायची. "खोली कुठे पळून जातेय? आपण पुढच्या वर्षी जाऊ."

परत आलेल्या जोडप्यांना ती जेवायला बोलवायची आणि खोदून खोदून विचारायची. बाल्कनीत खुर्च्या कसल्या आहेत, चहाची किटली चालते का. डावीकडे जांभूळ आहे आणि त्यावर माकडं येतात, हे एकाने सांगितलं. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली पाणी दिसतं, हे दुसरीने. नवीन लग्न झालेल्या पोरांना झाडं बघायला सवड कुठली, पण काकूसाठी ती बिचारी बघून यायची.

गेल्या वर्षी मी हट्टाने आम्हा दोघांच्या नावाने बुकिंग केलं. तो आठवडा आला तेव्हा ती कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये होती. पोटाचा कॅन्सर, फार उशिरा कळला. "खोली रिकामी ठेवू नका," म्हणत तिने माझ्या पुतण्याला आणि त्याच्या नव्या बायकोला पाठवलं. त्यांनी बाल्कनीतून व्हिडिओ कॉल केला. हाताला सलाईन लावलेलं, आणि ही त्याला सांगत होती, "अरे, फोन डावीकडे फिरव. जांभूळ दाखव. आता कठड्यापाशी जा." त्याने सगळं दाखवलं. ती डोळे भरून बघत राहिली. मला बघवेना, मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. महिनाभरात ती गेली.

तेराव्यानंतर मी सगळ्यांना सांगून टाकलं, ते रिसॉर्ट मी सोडणार. पुतण्याचा फोन आला.

"काका, ठेवूया ना. काकूची आठवण आहे ती."

"कसली आठवण?" मी ओरडलोच. "ती तिथे कधी गेलीच नाही."

तो रडायला लागला. मग मीही.

सोडणं घेण्याइतकं सोपं नव्हतं. घेताना डिनर सेट मिळाला होता. सोडताना नौपाड्यातल्या त्यांच्या ऑफिसात नुसत्या चपला झिजल्या. आज साहेब नाहीत, उद्या कागद अपुरे. शेवटी एका मुलीने मृत्यूच्या दाखल्यासकट अर्ज घेतला. जाता जाता तिनेही समजावून पाहिलंच. "सर, नका ना सोडू. आमच्या बाल्कनीतून व्ह्यू काय आहे माहितीये?"

"माहितीये," मी म्हणालो. "वेताच्या दोन खुर्च्या आहेत. डावीकडे जांभूळ. माकडं येतात, म्हणून बिस्किटं आत ठेवायची. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली पाणी दिसतं." का सांगत सुटलो कोण जाणे. शब्द सगळे तिचे होते.

मुलीने कॉम्प्युटरवरून मान वर केली. "तुम्हाला तर सगळं पाठ आहे. मॅडमना खूप आवडायचं का तिथे?"

"हो," मी म्हणालो. "सकाळी बाल्कनीतून उठायचीच नाही. चहा गार होऊन जायचा."

मग तिने बोट ठेवलं तिथे मी सही केली.