पट्टी आत

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. फादरनासुद्धा नाही — आणि मी माझगावची कॅथलिक बाई, लहानपणापासून महिन्यातून एकदा कन्फेशनला जाणारी. त्या जाळीपलीकडे बऱ्याच गोष्टी सांगून झाल्या. सासूवरचा राग, उपासाच्या शुक्रवारी खाल्लेलं मटण — असली चिल्लर. हे मात्र दर वेळी ओठांपर्यंत येतं, आणि मी मटणाकडे वळते.

मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी परळच्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर होते. हात धुतलेत का, सुया कुठे टाकल्या, फरशी कशाने पुसली — दिवसभर लोकांच्या मागे लागायचं, हेच काम. पाठीमागे मला ‘धूळ सिस्टर’ म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? नवे डॉक्टर मला लांबून पाहिलं की बाह्या सरसावून बेसिनकडे वळायचे.

सहा वर्षांपूर्वी आमच्या चौथ्या मजल्याचं नूतनीकरण निघालं. अर्धा मजला तोडायचा आणि उरलेल्या अर्ध्यात रक्ताच्या कॅन्सरचा वॉर्ड चालूच ठेवायचा, कारण वॉर्ड हलवायला दुसरी जागा नव्हती. जुनी भिंत फोडली की धूळ उडते, आणि त्या धुळीत बुरशीचे कण असतात. तुम्ही-आम्ही ते रोज श्वासातून घेतो, काही होत नाही. पण केमोनंतर ज्याच्या रक्तात पांढऱ्या पेशीच उरल्या नाहीत, त्याच्या फुप्फुसात तेच कण रुजतात. म्हणून मध्ये छतापर्यंत प्लायवुडची भिंत, फटींना टेप, एकच दार, आणि तोडफोडीकडची हवा सतत ओढून खिडकीबाहेर टाकणारं एक मशीन. त्याची जाड नळी खिडकीतून बाहेर सोडलेली. हवा वॉर्डाकडून तिकडे जायला हवी, उलटी कधीच नाही.

ते तपासायची रीत अगदी साधी. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी दाराच्या फटीशी धरायची. आत ओढली गेली तर ठीक. नुसती लोंबली किंवा आपल्याकडे वळली, तर काम तिथेच थांबवायचं. रोज सकाळी आठ वाजता तक्त्यात ‘पट्टी आत’ या रकान्यात खूण आणि सही. तो तक्ता मीच बनवला होता. पट्टी धरणारीही मी, खूण करणारीही मी.

त्या दारापासून दुसऱ्याच खोलीत विलास परब होते. लालबागचे, पन्नाशीचे, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारे. आमची लिफ्ट अडकली की पलंगावर पडल्या पडल्या काय बिघडलं असेल ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा तेच निघायचं. तिसरा केमो झाला होता, रिपोर्ट चांगले येत होते. गणपतीला घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांची बायको सुलभा लालबागलाच मसाल्याच्या डंकावर कामाला. म्हणजे मिरच्या, धणे कुटायची गिरणी. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं की कामाच्या कपड्यांनी वॉर्डात यायचं नाही. तिने ते अक्षरशः पाळलं. डंकावरून घरी, अंघोळ, धुतलेली साडी, केसांना घट्ट रुमाल, मग वॉर्ड. बाकीच्या नातेवाइकांना मी तिचं उदाहरण द्यायचे.

येते, मुद्द्यावर येते.

दोन महिने रोज पट्टी आत जात होती. रोज. दोन महिने तेच घडलं की माणसाचं काय होतं? निदान माझं काय झालं, ते सांगते. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी टेबलाशी चहा घेत बसले होते. मशीनची घरघर तिथवर ऐकू यायची. घरघर आहे म्हणजे हवा ओढली जातेय, असं म्हणून बसल्या जागी खूण केली. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. मी आजारी नव्हते, घरी काही अडचण नव्हती, काम अंगावर आलं नव्हतं. उठायचा कंटाळा आला होता. टेबलापासून दारापर्यंत बावीस पावलं — नंतर मोजली.

गुरुवारी उठले, तेही एका नव्या नर्ससमोर मिरवायला. तिला ही रीत शिकवायची होती. खाली वाकून पट्टी धरली. ती क्षणभर लोंबली, आणि मग अगदी सावकाश माझ्याकडे वळली. मुलगी अजून मागे उभी होती. तिला मी ग्लोव्हज आणायला पिटाळलं.

आत गेले तर खिडकी बंद, नळी गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली, आणि उकडतंय म्हणून कामगारांनी लावलेला स्टँडचा पंखा दाराकडे तोंड करून चालू. मशीनही चालू, आतली हवा आतच फिरवत.

“अहो सिस्टर, खाली मंडपवाले बोंबलत होते,” कंत्राटदाराचा माणूस म्हणाला. “पाइप त्यांच्या ताडपत्रीवर धूळ ओकत होता. रविवारी घेतला आत. मशीन चालू आहे ना पण!”

मशीन चालू आहे. मी तरी तीन दिवस दुसरं काय म्हणत होते?

त्याला झापलं. अर्ध्या तासात नळी बाहेर, पंखा बंद. आणि मग मी काय करायला हवं होतं, ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. वॉर्डाच्या डॉक्टरांकडे जाऊन सांगायचं: तीन-चार दिवस हवा उलटी होती, दाराजवळच्या पेशंटवर लक्ष ठेवा, बुरशीवरचं औषध आधीच सुरू करायचं का बघा. एवढं एक वाक्य. त्याऐवजी मी तक्ता घेतला, गुरुवारच्या रकान्यात ‘पट्टी आत’ची खूण केली, वेळ आठची टाकली.

आठवड्याभराने परबांना ताप आला. छातीच्या स्कॅनमध्ये बुरशी दिसली. गणपतीला ते घरी गेले नाहीत. तीन आठवड्यांनी वॉर्डातच गेले.

कमिटी बसली. तक्ता टेबलावर होता, एकही रकाना रिकामा नाही. कोणीतरी माझं कौतुकही केलं. मग आलं कुठून, असं मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा मी म्हणाले, पेशंटची बायको मसाल्याच्या डंकावर काम करते. हे खरं होतं. सुक्या मसाल्यात बुरशी असते, हेही खरं. खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला — माझाही. तसं लिहून घेतलं गेलं.

कागदपत्रं न्यायला आली तेव्हा सुलभा माझ्याकडे आली. कोणीतरी तिच्या कानावर घातलंच होतं. उभी राहून विचारलं, “सिस्टर, माझ्या अंगावरनं गेलं काय ओ? अंघोळ करून येत होते मी. केस पण रोज धुवायला हवे होते काय?”

मी म्हणाले, “सांगता येत नाही, ताई.”

विचार करा — यात खोटं काय आहे? एक अक्षरही नाही. म्हणूनच ते मला इतकं सोपं गेलं.

मी आता निवृत्त आहे. वर्षाचा बॉटल मसाला, बाटल्यांत भरून ठेवायचा, आम्ही लालबागला कुटून आणतो. सुलभाचा डंक मी इतकी वर्षं टाळला. गेल्या एप्रिलमध्ये नेहमीचा बंद होता, म्हणून गेले. सुलभा तिथेच होती, चाळणीशी. मला पाहून तिचा चेहरा फुलला. गुडघे कसे आहेत विचारलं, स्टूल पुसून दिलं. मिरच्या तिने स्वतः निवडल्या. मला तिच्याकडे नीट बघवत नव्हतं.

तेवढ्यात तिची मुलगी आली, सोबत तीनेक वर्षांची नात. नात हात पसरून धावली, आणि सुलभा दोन पावलं मागे सरकली. “थांब गो बाय, आज्जीचे केस धुवायचेत.” पोरगी थांबली. रडली नाही, हट्ट केला नाही. हात मागे बांधून वीतभर अंतरावर उभी राहिली. तिला सवय होती.

“बाबा गेल्यापासनं असंच चाललंय,” मुलगी मला म्हणाली. “घरी जाऊन आधी केस धुणार, मगच हिला घेणार. स्वतःच्या अंगात ताप असला तरी.”

“सिस्टरांनीच शिकवलं ना मला,” सुलभा म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. ती माझी ओळख करून देत होती.

मी मसाला घेतला आणि टॅक्सी करून घरी आले.

परबांच्या फुप्फुसात तो कण कुठून गेला, हे कोणालाच कधी कळणार नाही. सुलभाच्या केसांतून गेला नसेलच, अशी शपथ मी घेऊ शकत नाही. मला फक्त माझं माहीत आहे. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मी पट्टी धरली नाही. गुरुवारी धरली, ती माझ्याकडे वळली, आणि मी ‘पट्टी आत’ अशी खूण केली.